कॅरिबियन क्रूझ: ईस्टर्न घेऊ, वेस्टर्न घेऊ की सदर्न? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, "क्रूझ बघतोय, कुठला रूट घेऊ?" आणि मग पुढचे प्रश्नही तेच ते, व्हिसाचं काय, व्हेज मिळतं का, आईला बोट लागेल का. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलंय. बरंचसं अमेरिकेत राहणाऱ्या आणि भारतातून आई-बाबांना बोलावून घेणाऱ्या मंडळींसाठी आहे, बाकीच्यांनाही कामाला येईल. व्हिसाचे नियम आणि भाव बदलत असतात, ते बुक करायच्या दिवशी स्वतः बघायचे.

ईस्टर्न, वेस्टर्न, सदर्न म्हणजे नक्की काय?

ही नावं क्रूझ कंपन्यांनी आपल्या सोयीने पाडलीत, समुद्रात तशी रेघ कुठे मारलेली नाही. फ्लोरिडातून निघून बोट आग्नेयेला गेली की ईस्टर्न: पोर्तो रिकोचं सान हुआन, सेंट थॉमस, टॉर्टोला, सेंट मार्टिन, डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुएर्तो प्लाता, ग्रँड टर्क वगैरे. क्यूबाला वळसा घालून पश्चिमेला गेली की वेस्टर्न: मेक्सिकोची कोझुमेल आणि कोस्टा माया, ग्रँड केमन, जमैका, होंडुरासचं रोआतान, बेलीझ. आणि सदर्न म्हणजे खाली व्हेनेझुएलाजवळची अरुबा, बोनेर, क्युरसाव, किंवा मग बार्बाडोस, सेंट लुशिया, ग्रेनाडा, मार्टिनिक, डॉमिनिका अशी माळ. अँटिगा आणि सेंट किट्स एक कंपनी ईस्टर्नमध्ये टाकते, दुसरी सदर्नमध्ये, त्यामुळे नावावर जाऊच नका.

आणि ती तीन-चार रात्रींची बहामाची क्रूझ असते ना, ती मजेची असते, स्वस्त असते, पण बहामा कॅरिबियन समुद्रात नाहीच, अटलांटिकमध्ये आहे. जानेवारीत तिथलं पाणी चांगलंच गार असतं. "कॅरिबियन करून आलो" म्हणायचं तर म्हणा, कोण विचारतंय.

फिरवाफिरव नको, सरळ सांगा, आमच्यासाठी कुठला?

बरं. आई-बाबा बरोबर आहेत, पोहता कुणालाच येत नाही, थोडं चालून बघण्यासारखं हवंय तर ईस्टर्न, पण ज्यात सान हुआन आहे तोच. मुलं पोहणारी आहेत, स्नॉर्कलिंग करायचंय, किंवा माया लोकांची देवळं बघायची आहेत तर वेस्टर्न. बोट म्हणजे फक्त झोपायची जागा आणि रोज नवीन बेट बघायची हौस असेल तर सदर्न, आणि तेही शक्यतो सान हुआनहून निघणारं. हे माझं मत, यावर भांडायला लोक तयार असतात.

पण रूट कुठलाही घ्या, बुक करायच्या आधी त्या बोटीचा दिवसवार तक्ता उघडा आणि प्रत्येक पोर्टसमोर किती वाजता पोचते, किती वाजता निघते ते वाचा. लोक पोर्टांची नावं वाचतात आणि वेळा वाचत नाहीत, आणि फरक सगळा तिथेच पडतो. सान हुआन लिहिलंय पण बोट दुपारी तीनला लागून रात्री निघते असं बऱ्याच वेळा असतं, आणि तिथला किल्ला संध्याकाळी पाचच्या आसपास बंद होतो, मग तुम्ही काय बघणार, रस्त्यावरचे दिवे.

सी डे, म्हणजे पोर्ट नसलेले नुसते समुद्रातले दिवस, किती असतात? तेव्हा कंटाळा येतो का?

मायामीहून सेंट थॉमसला पोचायलाच जवळजवळ दोन दिवस लागतात, तेवढेच परत यायला, त्यामुळे सात रात्रींच्या ईस्टर्नमध्ये तीन दिवस सहज समुद्रात जातात. कोझुमेल त्या मानाने जवळ, म्हणून वेस्टर्नमध्ये एखादं पोर्ट जास्त बसतं. फ्लोरिडातून अरुबा-क्युरसाव करायचं तर आठ-दहा रात्री धरून चाला. सान हुआनहून निघालं की सगळी बेटं हाकेच्या अंतरावर, जवळपास रोज एक, सी डे एखादाच. पण सान हुआनपर्यंतचं विमानाचं तिकीट वेगळं, तो हिशोब आधी करा.

कंटाळ्याचं म्हणाल तर मोठ्या बोटीवर कुणालाच येत नाही, आई-बाबांनाही नाही. बाबा लोक वरच्या डेकवर खुर्ची धरून जे बसतात ते जेवायलाच उठतात.

बोट लागते का? कुठल्या रूटवर जास्त हलते?

मोठ्या बोटींना डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे जुन्या कोकणबोटीचे किस्से आठवून घाबरू नका. तरी फरक आहे. ईस्टर्नवर बराच वेळ बोट उघड्या अटलांटिकच्या बाजूने जाते आणि पूर्वेकडचा व्यापारी वारा समोरून येतो, त्यामुळे जाताना थोडं जास्त जाणवतं. वेस्टर्न साधारण शांत, पण हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट खाली आली की मेक्सिकोच्या गल्फमध्ये खवळतं, गॅल्व्हेस्टन किंवा न्यू ऑर्लिन्सहून निघणाऱ्यांनी हे धरून चालावं. अरुबाच्या बाजूला तर वारा बारा महिने, तिथली डिव्ही-डिव्हीची झाडं एकाच दिशेला वाकलेली दिसतात ती त्यामुळेच.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे कमी हलतं. एकदम पुढची आणि वरची बाल्कनी फोटोत झकास दिसते, पण हलतेही तीच सगळ्यात जास्त. गोळी आधी घ्यायची असते, सुरू झाल्यावर नाही, आणि आई-बाबांची बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

आईचे गुडघे दुखतात. कुठलं पोर्ट सोपं?

इथे एक शब्द लक्षात ठेवा, टेंडर. काही पोर्टांवर बोट धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकते आणि तुम्हाला लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात, म्हणजे गेटवेहून घारापुरीला जाताना लाँचमध्ये पाय टाकतो ना तसंच, हलत्या बोटीत, हात धरून. ग्रँड केमनला हे असंच आहे, तिथे मोठा क्रूझ धक्का बांधायचा की नाही यावर २०२५ मध्ये सार्वमत घेतलं आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं. बेलीझ सिटीलाही तेच, पाणी उथळ आणि प्रवाळ, त्यामुळे बोट फार लांब थांबते आणि टेंडरमध्येच वीस मिनिटं जातात. वारा जास्त असेल तर टेंडर रद्द आणि पोर्टच रद्द, हेही असतं. व्हीलचेअर असेल तर टेंडरचं पोर्ट नसलेला रूट बघा.

सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन, कोझुमेल या सगळ्या ठिकाणी बोट थेट धक्क्याला लागते. त्यातही सान हुआन सोपं, जुन्या गावाजवळच्या धक्क्याला बोट लागली तर बाहेर पडलं की समोर जुनं शहर. पण चढ आहे आणि फरसबंदी रस्ते आहेत, त्यामुळे किल्ल्यापर्यंत टॅक्सी आणि येताना उतार चालत, असं करा.

बीच बघून बघून कंटाळा येईल हो. बाकी काय आहे?

मराठी माणसाला किल्ला दाखवला की तो खूश, आणि कॅरिबियनमध्ये किल्ले खरंच दणदणीत आहेत. सान हुआनचा एल मोरो स्पॅनिश लोकांनी १५३९ मध्ये बांधायला घेतला, समुद्राच्या तोंडावर, एकावर एक सहा स्तर. जवळच सान क्रिस्तोबाल. १९८३ पासून युनेस्कोच्या यादीत. बुरुजावर उभं राहिलं की खाली लाटा आपटतात आणि विजयदुर्ग-सिंधुदुर्ग आठवल्याशिवाय राहत नाही, फक्त इथली चांगली डागडुजी बघून आपल्या किल्ल्यांसाठी जरा वाईट वाटतं. सेंट किट्सला ब्रिमस्टोन हिल आहे, तोही डोंगरावरचा आणि युनेस्कोवाला, आणि गुलामांच्या मजुरीवर उभा राहिलेला, हे तिथे नीट लिहिलेलं आहे, घाईघाईत निघू नका.

क्युरसावचं विलेमस्टाड म्हणजे रंगीत डच घरांची रांग, आणि क्वीन एमा नावाचा तरंगता पूल, १८८८ चा, बोट आली की अख्खा पूल बाजूला सरकतो. तो सरकताना बघायला आई-बाबांना बाकी कशाहीपेक्षा जास्त मजा येते.

सेंट मार्टिनला अर्धं बेट डचांचं अर्धं फ्रेंचांचं, १६४८ पासून असंच चाललंय. तिथला माहो बीच प्रसिद्ध आहे, विमानं डोक्यावरून उतरतात. बघा जरूर, पण विमानतळाच्या कुंपणाला धरून उभं राहायचं ते वेडे चाळे करू नका, टेकऑफच्या झोताने २०१७ मध्ये तिथे एक बाई गेल्या. फिलिप्सबर्गमध्ये आणि सेंट थॉमसच्या शार्लट अमालीमध्ये दागिन्यांच्या, घड्याळांच्या दुकानात बरेच मालक सिंधी निघतात, हिंदीत घासाघीस चालते आणि तेही ती एंजॉय करतात.

माया लोकांची देवळं कुठल्या पोर्टहून बघता येतात?

कोझुमेलहून तुलूम करता येतं, पण कोझुमेल हे बेट आहे, आधी फेरीने पलीकडे प्लाया देल कार्मेनला जायचं, मग बस, मग तसंच परत, अख्खा दिवस त्यातच. फेरी हलते पण चांगली, बोट न लागलेल्या माणसाला तिथे लागते. चिचेन इत्झा तर क्रूझच्या दिवसात करूच नका, गाडीत बसून पाठीचा भुगा होईल आणि बघायला तासभर. देवळंच बघायची तर ज्या रूटवर कोस्टा माया आहे तो घ्या, तिथून चाकचोबेन तासाभराच्या अंतरावर, गर्दी कमी, झाडी भरपूर. बेलीझहून 'आल्तुन हा' किंवा 'लामानाई' ही देवळं होतात.

पोहता येत नाही, मग वेस्टर्न फुकट जाईल का?

नाही हो. ग्रँड केमनला स्टिंगरे सिटी म्हणून जागा आहे, समुद्राच्या मध्यात वाळूचा उंचवटा, कमरेएवढं पाणी, आणि आजूबाजूला स्टिंगरे, म्हणजे लांब शेपटीचे चपटे मासे, फिरतात. पोहायची गरज नाही, उभं राहायचं. पाय मात्र उचलून टाकू नका, घसटत चाला, म्हणजे काटेरी शेपटीवर पाय पडत नाही. जमैकात ओचो रिओसजवळ डन्स रिव्हर फॉल्स, तिथे हातात हात घालून धबधबा चढतात, पण ते निसरडं आहे, गुडघेवाल्यांनी बाजूच्या पायऱ्यांनी जावं.

क्रिकेटसाठी काही?

वा, हा प्रश्न विचारणारा माणूस आपला. सदर्न घ्या आणि त्यात बार्बाडोस आहे की नाही बघा. ब्रिजटाउनच्या धक्क्यापासून केन्सिंग्टन ओव्हल अगदी जवळ आहे, टॅक्सीने पाच-दहा मिनिटं. २९ जून २०२४ ला रोहितच्या टीमने साउथ आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी वर्ल्ड कप घेतला तो इथेच, सूर्याचा तो बाउंड्रीवरचा कॅचही इथलाच. आणि बाबांच्या पिढीसाठी पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद: १९७१ ला वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते क्वीन्स पार्क ओव्हलवर, गावसकरांची पहिली टेस्ट, त्या सिरीजमध्ये ७७४ धावा. त्रिनिदाद फार कमी रूटवर असतं, पण सापडलं तर सोडू नका, छोल्यांनी भरलेले डबल्स रस्त्यावर मिळतात, शुद्ध शाकाहारी. मॅच नसताना स्टेडियम आतून बघायला मिळेलच असं नाही, आधी विचारून जा.

व्हेज जेवणाचं काय? जैन?

बुक केल्यावर लगेच कंपनीला कळवून ठेवा आणि पहिल्या रात्री डायनिंग रूममध्ये हेड वेटरला परत सांगा, दुसऱ्या दिवशीपासून वेगळं करून देतात. बोटींवर गोव्याची, मुंबईची मुलं भरपूर असतात, किचनमध्ये पण, एकदा ओळख निघाली की डाळ-भात कुठून तरी येतोच. जैन असेल तर कांदा-लसूण-बटाटा नको हे एकेक करून सांगा, नुसतं जैन म्हटलं की प्रत्येकाला कळतंच असं नाही. घरून बंद पाकिटातला चिवडा, खाकरा चालतो, घरी शिजवलेलं नाही. इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. उरलेली फळं बेटावर घेऊन उतरायचं नाही.

जेवणाचा रूटशी संबंध फक्त बेटावरच्या जेवणापुरता, आणि त्यात मेक्सिको सोपं, बीन्स, भात, टॉर्टिया, पण चरबी नाही ना ते विचारा.

व्हिसा! एच-१बी वर आहे, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत. चालेल का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात. क्रूझ अमेरिकेतूनच निघून अमेरिकेतच परत येत असली तरी तुम्ही देशाबाहेर जाताय. ते टाळता येत नाही, कारण १८८६ च्या एका कायद्याने परदेशी झेंड्याच्या बोटीला नुसतीच अमेरिकन पोर्टं करून प्रवासी फिरवता येत नाहीत, आणि या बोटी जवळपास सगळ्या बहामा, पनामा अशा परदेशांच्या झेंड्याच्या. म्हणून मध्ये एक तरी परदेशी पोर्ट असतंच.

त्यामुळे आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्री हवा, एच-१बी वाल्यांचा पासपोर्टमधला स्टॅम्प चालू हवा. "स्टॅम्प संपलाय पण आय-७९७ (एच-१बी मंजुरीचा कागद) आहे, ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनने (संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची सोय) येऊ" असं कुणी सांगितलं तर नीट ऐका: एच-१बी वाल्यांसाठी ती सोय कॅनडा आणि मेक्सिकोच्या छोट्या ट्रिपपुरती आहे, कॅरिबियन बेटांसाठी नाही. एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना जवळची बेटं चालतात, क्यूबा सोडून. शंका असेल तर वकिलाला पैसे द्या, क्रूझपेक्षा स्वस्त पडेल. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही. आणि क्रूझ करून आलं की आई-बाबांना नवे सहा महिने मिळतील असं गृहीत धरू नका.

आता बेटांचे व्हिसा. पोर्तो रिको आणि सेंट थॉमस अमेरिकेचेच. मेक्सिको चालू अमेरिकन व्हिसा मान्य करतं. जमैका, बार्बाडोसला भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप म्हणजे फ्रान्सचाच भाग, तिथे वेगळं बघावं लागतं, म्हणून सदर्न घेताना त्यांच्यावर डोळा ठेवा. तुमच्या रूटवरच्या प्रत्येक पोर्टचं कंपनीकडून लेखी विचारून घ्या, कारण एका देशाचा कागद कमी असला तरी बोटीवर चढूच देत नाहीत, पैसेही जातात.

अमेरिकन व्हिसाच नाही, लंडनला राहतो. मग?

मग फ्लोरिडा विसरा. लंडनहून बार्बाडोसला थेट विमान आहे आणि हिवाळ्यात तिथून सदर्न क्रूझ निघतात. रूटवर सेंट थॉमस किंवा सान हुआन नाही एवढं बघा, नाहीतर परत तोच व्हिसा आला.

कुठल्या महिन्यात जावं? वादळाची भीती किती?

हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. बोट वादळात शिरत नाही, ती वाट बदलते, म्हणजे तुम्ही ईस्टर्न बुक केलं आणि वेस्टर्न करून आलात असं होऊ शकतं, आणि तिकिटाच्या करारात ते लिहिलेलं असतं, फक्त चुकलेल्या पोर्टचे टॅक्स परत मिळतात. सप्टेंबरचे भाव बघून जीभ लपलपते, मान्य, पण ज्याला ठरलेलं बेटच बघायचंय त्याने तेव्हा जाऊ नये. २०१७ मध्ये दोन आठवड्यांत इर्माने सेंट मार्टिन आणि मारियाने डॉमिनिका, पोर्तो रिको झोडपलं. अरुबा, बोनेर, क्युरसाव वादळांच्या वाटेच्या बरंच खाली, त्यामुळे त्या मोसमात त्यातल्या त्यात बरी. पण "सदर्न म्हणजे सेफ" असं सरसकट म्हणू नका, जुलै २०२४ मध्ये बेरिल ग्रेनाडावरच आदळलं होतं.

सगळ्यात छान हवा जानेवारी ते एप्रिल. ख्रिसमसचा आठवडा आणि मार्चमधला स्प्रिंग ब्रेक सर्वात महाग. थँक्सगिव्हिंगनंतर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत वादळं सरलेली आणि भाव उतरलेले, तो आठवडा मिळाला तर घ्या. साधारण मार्चपासून उन्हाळ्यापर्यंत सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्याला लागतं, कोस्टा मायाला त्याचा त्रास जास्त, कुजल्याचा वास येतो. कोझुमेलची पश्चिमेची बाजू बरीच वाचते.

कुठल्या शहरातून निघावं?

जिथे विमान स्वस्त तिथून, पण एक दिवस आधी पोचा, बोट थांबत नाही. मुलांना डिस्ने करायचं असेल तर पोर्ट कॅनव्हरल, ऑर्लँडोहून तासभर. टँपाहून मोठ्या बोटी निघतच नाहीत, वाटेतल्या सनशाइन स्कायवे पुलाखालून त्या जात नाहीत, त्यामुळे तिथे बोटी लहान आणि बहुतेक वेस्टर्न. न्यू जर्सीवाल्यांना बेयॉनहून विमानाशिवाय निघता येतं, पण जानेवारीत पहिले दोन दिवस डेकवर स्वेटर घालून बसाल.

कंपनीचं प्रायव्हेट बेट असलेला रूट घ्यावा का?

लहान मुलं असतील तर घ्या, जेवण बोटीचंच, बीच स्वच्छ, सोय उत्तम. पण तो देश बघितला असं होत नाही. एका आठवड्यात असे दोन दिवस असतील तर तेवढं बघायचं कमी झालं. हैतीमधल्या लाबाडीचं कौतुक जुन्या लेखांत वाचाल, तिथल्या अस्थिरतेमुळे त्या फेऱ्या बंद पडल्या, त्यावर विसंबून बुक करू नका.

खर्चात रूटमुळे फरक पडतो का?

भाड्यात थोडा, बाहेरच्या खर्चात जास्त. वेस्टर्नला टूरवर पैसे जातात कारण बघायच्या गोष्टी लांब, ईस्टर्नला टॅक्सी करून बीच आणि शहर स्वतः होतं. टिप माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर, मुलांचीही, ती जाहिरातीतल्या भावात नसते. डॉलर जवळपास सगळीकडे घेतात, सुट्टे न्या.

कपड्यांचं काही खास?

मिलिटरी छापाचे कपडे घरी ठेवा, मुलांच्या चड्ड्यासुद्धा. बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया, अँटिगा अशा बऱ्याच बेटांवर सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने बंद आहे.

टूर बोटीची घ्यावी की बाहेरची?

जवळचं असेल तर बाहेरची, निम्म्यात होते. लांबचं असेल, म्हणजे तुलूम, लामानाई, किंवा सेंट लुशियाचं सुफ्रिएर जिथे वळणावळणाच्या रस्त्याने तासाच्या वर लागतो, तर बोटीचीच घ्या, कारण त्यांची बस उशिरा आली तर बोट थांबते, तुमची टॅक्सी उशिरा आली तर थांबत नाही. आणि घड्याळ. हिवाळ्यात सेंट थॉमस, सान हुआन मायामीपेक्षा एक तास पुढे, उन्हाळ्यात कोझुमेल मायामीपेक्षा एक तास मागे कारण तिथे घड्याळ बदलत नाहीत, आणि बोट कधी स्थानिक वेळ पाळते कधी स्वतःची. फोन आपोआप बदलतो, म्हणून हाताला साधं घड्याळ बांधा, बोटीच्या वेळेला लावा आणि बाबांचंही लावून द्या. पासपोर्टची फोटोकॉपी, एक कार्ड आणि बोटीच्या पोर्ट एजंटचा (कंपनीचा त्या बंदरातला माणूस) नंबर खिशात असू द्या. तो नंबर रोज केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर किंवा ॲपमध्ये असतो.